मधल्या पायरीवरचा फुटबॉल

कॉलेजच्या कबड्डी संघात मी गेली दोन वर्षे आहे. म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकावर आहे. पहिल्या सातांत बसत नाही आणि नवशिक्यांत मोजवत नाही, अशी माझी अवस्था. म्हणूनच की काय, आयर्लंडमधल्या एका स्पर्धेची हकीकत वाचताना ती मला अगदी घरची वाटली.

तिकडे वळलो तो इतिहासाच्या तासामुळे. लोकमान्यांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली. हा ‘होमरूल’ शब्द आयरिश चळवळीतला, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्या उठावाविषयी वाचता वाचता मी भरकटलो आणि फुटबॉलच्या मैदानावर जाऊन पोहोचलो. आमच्या सरांना हे रुचेल असे नाही. पण आयर्लंडात मैदान आणि राजकारण यांची ताटातूट करताच येत नाही. मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाने 1884 साली थर्ल्स गावच्या एका हॉटेलात काही मंडळींना जमवून देशी खेळांची संघटना उभारली. 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश सैनिक-पोलिसांनी गोळीबार केला. त्यात 14 जणांचा बळी गेला. टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन त्यांपैकी एक. त्याचे नाव आज तिथल्या प्रेक्षागृहाला आहे.

खेळ मात्र आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी. चेंडू हातात घेता येतो. पण चार पावलांपलीकडे जायचे तर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या चवड्यावर उडवून पुन्हा झेलावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. (2025 पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारल्यास दोन गुण.) धावफलकावर 2-9 विरुद्ध 0-14 असे दिसले तर गोंधळू नये; पहिल्याचे पंधरा होतात, तोच जिंकला.

या खेळात कोणालाही पगार मिळत नाही. क्लब म्हणजे गाव, आणि माणूस सहसा जन्मगावच्या क्लबातूनच अखेरपर्यंत खेळतो. क्लबांचे ढोबळ वर्ग तीन : सीनिअर, इंटरमीजिएट, ज्युनिअर. ज्युनिअर म्हणजे वयाने लहान नव्हे, ताकदीने. मधल्या वर्गाचे सामने आधी काउंटीत होतात. तिथला विजेता आपल्या प्रांतात खेळतो, आणि चार प्रांतांचे विजेते अखिल आयर्लंड अजिंक्यपदासाठी झुंजतात. ही शेवटची पायरी 2003-04 च्या मोसमापासूनची. पहिला मान कॉर्कच्या आयलेन रोव्हर्सने मिळवला. अंतिम सामना बहुधा क्रोक पार्कवर होतो. ऐंशी हजारांहून अधिक माणसे मावतील अशा मैदानात एखाद्या खेड्यातले शिक्षक, सुतार, शेतकरी, विद्यार्थी उतरतात! स्पर्धेला देशाची सीमाही आडवी येत नाही. 2024 चा विजेता कलिहॅना क्लब उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा काउंटीचा. त्याने हरवला तो दक्षिणेकडच्या कॉर्कमधला किल ना मार्ट्रा.

काही क्लबांच्या नावातच जोड असते : मिलटाउन/कॅसलमेन, सेंट मायकेल्स/फॉयलमोर. ही दोन्ही नावे केरी काउंटीतली, आणि दोघांनीही हे अजिंक्यपद मिळवलेले. पोरे शहरात किंवा परदेशी निघून गेली की एका गावाला पंधरा गडी जमवणे जड जाते. मग शेजारच्या गावाशी हातमिळवणी होते. नावातली ती तिरकी रेघ मला फार बोलकी वाटते.

मधला वर्ग म्हणजे सुमार खेळ, असा समज झाला असेल तर रॅथमोरचे उदाहरण घ्यावे. केरीत सीनिअर क्लब मोजकेच ठेवलेले असल्याने मधल्या वर्गातले क्लबही जबर असतात. जुलै 2022 मध्ये केरीने देशाचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले, तेव्हा गोलरक्षक होता शेन रायन. सहा महिन्यांनी, जानेवारी 2023 मध्ये, त्याच्या रॅथमोर गावाने इंटरमीजिएट अजिंक्यपद जिंकले. काउंटीसाठी गोल राखणारा हा गडी गावासाठी मात्र पुढे येऊन खेळतो.

सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे इथे गतविजेता सहसा पुन्हा उतरतच नाही. काउंटीत जिंकला की क्लब वरच्या वर्गात चढतो, म्हणजे विजेतेपद राखायची सोयच उरत नाही. टायरोन काउंटीतल्या कुक्सटाउनने 2010 आणि 2013 असे दोनदा ते मिळवले. पण त्यासाठी मधल्या काळात वर चढून पुन्हा खाली यावे लागले. हा मान म्हणावा की नामुष्की, मला ठरवता आले नाही.

जानेवारी 2025 चा अंतिम सामना मेयोतील क्रॉसमोलिना आणि डेरीतील बॅलिंडेरी यांच्यात झाला. क्रॉसमोलिना 2001 मध्ये, तर बॅलिंडेरी 2002 मध्ये सीनिअर वर्गात साऱ्या आयर्लंडचे विजेते होते. दोघांनीही हरवला होता तो कॉर्कचा निमो रेंजर्सच. पुढे दोघेही घसरत मधल्या पायरीवर आले. त्या दिवशी खेळणाऱ्यांतले कित्येक जण त्या जुन्या विजयांच्या वेळी रांगत तरी होते किंवा जन्मलेलेही नव्हते. ज्यांनी ते पाहिले ते वडीलधारे प्रेक्षकांत बसले असणार. जिंकला क्रॉसमोलिना. सीनिअर वर्गात परतण्याचा हक्क मात्र आपापल्या काउंटीत जिंकल्यामुळे दोघांनीही आधीच मिळवला होता.