विजेवरची गाडी, भाग ९ : ब्रेकचा दिवा लागतो तेव्हा

मागच्या भागात आपण पाहिलं, की विजेच्या गाडीचा वेग दोन मार्गांनी कमी होतो. मोटर जनित्रासारखी फिरून थोडी वीज बॅटरीत परत पाठवते आणि उरलेलं काम पॅड आणि डिस्क करतात. कुणी किती करायचं हे गाडीतला संगणक ठरवतो. म्हणूनच डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला, तर दोष यांपैकी कुठे आहे ते नुसत्या दिव्यावरून कळत नाही. अनेक ठिकाणी स्कॅनर लावतात, कोड वाचतात आणि कोडात ज्याचं नाव येईल तो भाग बदलून टाकतात. ही दुरुस्ती नव्हे. कोड फक्त सर्किट सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, वायर असते, कनेक्टर असतो. त्यातलं काय बिघडलंय हे माणसालाच शोधावं लागतं, आणि शोधाची सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून करावी.

त्याआधी सुरक्षेचं. लाल दिव्याबरोबर पॅडल खोल जात असेल किंवा दगडासारखं घट्ट लागत असेल, तर गाडी तिथेच थांबवून टोइंग बोलवावं. नुसता पिवळा एबीएसचा दिवा असेल, तर साधा ब्रेक बहुधा लागतो. मात्र निसरड्या रस्त्यावर चाकं जाम होण्यापासून वाचवणारं कुणी नसतं, म्हणून सावकाश चालवत गॅरेज गाठावं.

पहिली तपासणी बारा व्होल्टच्या लहान बॅटरीची. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असली, तरी ब्रेकचा संगणक चालतो तो या लहान बॅटरीवर. पेट्रोलच्या गाडीत सेल्फ मारताना इंजिन जड फिरू लागलं, की बॅटरी थकल्याचं लगेच समजतं. इथे सेल्फच नाही, त्यामुळे ती आधी काही न सांगता खचते. मग एबीएस, स्टिअरिंग, हिल होल्ड असे एकमेकांशी संबंध नसलेले दिवे एकदम लागतात. असे चार-पाच दिवे सोबत दिसले, तर आधी मल्टिमीटर हातात घ्यावा. भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी, गाडी बंद असताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू केल्यावर हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. जात नसेल, तर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा कन्व्हर्टर तपासावा लागतो. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींना मात्र प्रशिक्षण नसलेल्या कारागिरानं हात लावू नये.

मग ब्रेक ऑइल. टाकीत चुंबक बसवलेला तरंगता गोळा असतो. पातळी उतरली की लाल दिवा लागतो. पेट्रोलच्या गाडीत पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि ऑइल थोडं खाली जातं, हे नेहमीचंच. विजेच्या गाडीत पॅड फार हळू झिजतात. म्हणून थोड्याच किलोमीटरमध्ये पातळी उतरली असेल, तर ऑइल ओतून मोकळं होण्याआधी गळती शोधावी. चाकाच्या आतली बाजू, रबरी पाइपांचे जोड, मास्टर सिलिंडरखालचा ओलावा, सगळं पाहावं. ऑइल हवेतलं पाणीही शोषतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच किमान मर्यादा १५५ पर्यंत येते. हे पाणी गाडी उभी असतानाही मुरतं. तेव्हा किलोमीटर कमी झाले म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलू नये.

आता चाकाच्या गतीचा सेन्सर. गाडी मालकाची तक्रार अनेकदा अशी असते, की ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी पूर्वीसारखी मंदावत नाही, नुसती पळत राहते. त्याला मोटर बिघडली असं वाटतं. खरं कारण असं, की एका चाकाची गती समजेनाशी झाली, तर ते चाक घसरतंय का हे संगणकाला कळत नाही, आणि बऱ्याच गाड्या खबरदारी म्हणून मोटरचं ब्रेकिंग बंद करतात. आताचे बहुतेक सेन्सर सक्रिय जातीचे आहेत. ते ७ आणि १४ मिलीॲम्पिअर अशा दोन पातळ्यांवर प्रवाह बदलून चाकाचं फिरणं कळवतात. त्यांचा रोध ओहममध्ये मोजणं निरर्थक आहे. त्याऐवजी स्कॅनरवर चारही चाकांची गती शेजारी शेजारी लावावी आणि ताशी १५-२० किलोमीटरनं गाडी चालवून पाहावी. तीन आकडे सारखे आणि चौथा शून्यावर किंवा उड्या मारत असेल, तर ते चाक उघडावं. वायर स्टिअरिंगबरोबर वळते तिथे आतून तुटलेली सापडते, किंवा कनेक्टरच्या पिनेवर हिरवट थर चढलेला दिसतो. बेअरिंग नुकतं बदललं असेल, तर माझा संशय तिकडे जातो. बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, आणि साध्या डोळ्यांना दोन्ही सील सारखेच दिसतात. बेअरिंग उलटं बसलं, की नव्याकोऱ्या सेन्सरलाही काही ऐकू येत नाही. त्या पट्टीवर लोखंडाचा कीस चिकटला तरी आकडे बिघडतात. बसवण्याआधी सीलवर टाचणी धरून पाहिली, तर चुंबक कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

पॅड आणि डिस्कच्या कमी वापराचा त्रासही लक्षात घ्यावा. कोकणच्या पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना आवळतात आणि पॅड अडकतात. फोक्सवॅगननं आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे बंद ड्रम दिले, त्यामागे हाही विचार आहे.

हे सगळं निर्दोष निघालं, तरच पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या बूस्टरकडे वळावं. त्यातही दुखणं नेहमी भाग बदलण्याइतकं मोठं नसतं. २०१६ मध्ये अमेरिकेत निस्साननं २०१३ ते २०१५ च्या लीफ गाड्या परत बोलावल्या. कडाक्याच्या थंडीत बूस्टरमधली रिले गोठू शकत होती. इलाज होता सॉफ्टवेअर बदलण्याचा.

काम संपल्यावर कोड पुसून लगेच चावी देऊ नये. गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणावी, कारण ढिला कनेक्टर गुळगुळीत रस्त्यावर काहीच बोलत नाही. परतल्यावर स्कॅनर पुन्हा लावावा. कोड आला नसेल, चारही गती जुळत असतील आणि पाय उचलल्यावर मोटर पूर्वीसारखी गाडी ओढून धरत असेल, तर बिल करायला हरकत नाही.