हरिकेनची प्रतिकृती व तिचे रंगकाम

गेल्या दिवाळीच्या सुटीत काही मुलांस सोबत घेऊन आम्ही हरिकेन ह्या महायुद्धकालीन लढाऊ विमानाची एक लहान प्रतिकृती तयार केली. ती पाहून हा खेळ की अभ्यास, असा प्रश्न एकदोन पालकांनी आम्हांस केला. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे बरे.

प्रतिकृतीचे प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एक इंच. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट, तेव्हा आमचे विमान पावणेसात इंचांहून किंचित कमीच भरले. ह्या प्रमाणाचा शाळांशी जुना संबंध आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथील विद्यार्थ्यांकडून ह्याच प्रमाणाची पाच लक्ष विमाने मागविली. ती काळ्या रंगाची असत; कारण केवळ आकृतीवरून आपले कोणते व परके कोणते, हे सैनिकांस शिकवावयाचे होते. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. ज्यास खात्री करावयाची असेल त्याने ३५ ला ७२ ने गुणून पाहावे.

ही ओळख चुकली तर काय होते, ते ६ सप्टेंबर १९३९ रोजी दिसून आले. ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. त्या सकाळी इंग्लंडच्या पूर्व भागात ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी दोन ब्रिटिश हरिकेन शत्रूची समजून पाडली, आणि एक तरुण वैमानिक स्वकीयांच्याच गोळीने मरण पावला.

आता कृती. संचातील प्लास्टिकचे भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाही तर त्यांवरील तेलकटपणामुळे रंग धरत नाही. प्रत्येक जोड गोंदाविना जुळवून पाहावा. ह्या कामाचा गोंद कडा किंचित वितळवून एकजीव करतो. एकदा चुकले की सुटका नाही. सांध्यात लांबी भरून ती वाळली म्हणजे पॉलिशपेपरने घासावी. येथे आमच्याच हातून प्रमाद घडला. शरीराच्या मागील भागावरील उभार रेघा आम्हांस ओबडधोबड वाटल्या व आम्ही एका बाजूच्या घासून सपाट केल्या. वस्तुतः हरिकेनचा तो भाग धातूच्या पत्र्याचा नसून लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा असे, आणि त्या रेघा म्हणजे त्याच पट्ट्या! मुलांनी ही चूक दाखविली. ती बाजू आता भिंतीकडे असते.

रंग फिकटाकडून गडदाकडे द्यावा. आधी अस्तर, मग आकाशात मिसळून जावा असा पोटाकडील फिकट करडा, तो पुरता वाळल्यावर चिकटपट्टीने झाकून, वरून पाहणाऱ्यास रानाचा व मातीचा भास व्हावा म्हणून गडद हिरवा व तपकिरी. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून लहान प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा. खऱ्या विमानाचाच रंग जसाच्या तसा लावला तर ती काळवंडलेली दिसते.

आम्ही विमानास १९४४ सालच्या ब्रह्मदेश आघाडीचे रूप दिले. अर्जन सिंग ह्यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन त्या वर्षी इंफाळच्या लढाईत हरिकेनच चालवीत होती. एका मुलाने पुस्तकातील ब्रिटिश चिन्हाप्रमाणे पंखावरील वर्तुळाच्या मध्यभागी तांबडा ठिपका काढण्यास घेतला, तेव्हा त्याचा हात धरावा लागला. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. घाईच्या क्षणी तो मधला ठिपका पाहून आपलाच गोलंदाज आपल्याच विमानावर गोळी झाडील, ह्या भीतीने त्या आघाडीवरील चिन्हांतून तांबडा रंग अजिबात काढून टाकण्यात आला होता. गडद निळे कडे व आत फिकट निळा, एवढेच उरले. पुढे १९४५ साली एकइंजिनी लढाऊ विमानांच्या पंखांवर व शेपटीवर पांढरे पट्टेही आले.

प्रतिकृती विज्ञानाच्या खोलीत दोऱ्याने टांगली आहे. दारापासून ती सुमारे २० फुटांवर येते. अर्थात दारात उभे राहणाऱ्यास पाव मैलाहून थोड्या अधिक अंतरावरील विमानाएवढी भासते. तेथून पंखावरील वर्तुळ दिसते. मधला रंग कोणता, ते मात्र आम्हांस चष्मा लावूनही नीट ओळखता आले नाही.