गिटार पुसताना लाख आणि लॅकर ओळखा

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या जंगलात पळस आणि कुसुम ही झाडं भरपूर. याच झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांच्यापासून मिळणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की लाकडावर मारायचं पॉलिश तयार होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांवर आणि जुन्या पेट्यांवर हेच पॉलिश असतं. गिटारवर मात्र बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर किंवा पॉलियुरेथेन असतं.

वाद्य पुसण्याआधी एक नियम लक्षात ठेवा: ज्या द्रावकात थर विरघळतो, त्याने तो थर कधीच पुसू नये. लाखेला स्पिरिट आणि सॅनिटायझर घातक. नायट्रो लॅकरला थिनर आणि अ‍ॅसिटोन. पॉलियुरेथेन टणक असलं, तरी थिनर त्यालाही नकोच.

सुरुवात मऊ सुती कापडाने करा. घामाचे डाग न निघाल्यास कापड पाण्याने जेमतेम ओलं करून पुसा आणि लगेच कोरडं करा. चिकट मळ, स्टिकरचा डिंक राहिलाच, तर लायटरमध्ये भरायचं द्रव इंधन, म्हणजे नाफ्था, कापडावर दोन थेंब घ्या. ते वाळलेल्या लॅकरला सहसा विरघळवत नाही आणि चटकन उडून जातं. रॉकेल मात्र मागे तेलकटपणा ठेवतं.

नाफ्था झटकन पेट घेतो. खिडक्या उघड्या, चूल-उदबत्ती दूर हवी. आधी पाठीमागच्या कोपऱ्यात चाचणी घ्या. कापडाला रंग लागला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर तिथेच थांबा. चिरा पडलेल्या जुन्या वाद्याला द्रावक लावूच नका. ते जाणत्या कारागिराकडे न्या.