श्रद्धा आणि पाण्याचा घडा

एखाद्या धर्माची ओळख करून घ्यावयाची झाल्यास आपण प्रथम त्याचे ग्रंथ व विधी यांकडे वळतो. परंतु तो धर्म माणसाच्या अंगी कितपत मुरला आहे, हे कळावयाचे ते पाणवठ्यावर आणि पंगतीत. ख्रिस्ती श्रद्धेपुरते बोलावयाचे तर याचे बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते.

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस ‘नवा करार’ वाचावयास सांगितले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र आपल्या आचारावर ठाम राहिल्या. त्यांच्या माहेरचे सोवळे इतके कडक की, वडील बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेत! पतीजवळ परतल्यावरही लक्ष्मीबाईंची चूल व पाणी वेगळेच होते. पुढे जो पालट झाला, तो कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, याचा त्यांनी एकटीने विचार केला. तो माणसाने केला असे मनाशी ठरताच यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा निश्चय त्यांनी केला. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी घड्याचे सोवळे सुटले, मग दीक्षा झाली.

शुभवर्तमानातील एका कथेशी हे किती जुळते! यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवीत नसत, अशा शोमरोनी समाजातील एका स्त्रीजवळ येशूने विहिरीवर पाणी मागितले. उपदेशाचा आरंभ तेथे याचनेने झाला आहे. ज्याला कमी लेखले, त्याच्यापुढे प्रथम आपली ओंजळ धरावी, हे या नीतीचे मर्म होय.

समाजसुधारणा म्हणजे याच नीतीचा विस्तार. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आमचा सौंसर–पांढुर्ण्याचा मुलूखही त्या काळी त्याच प्रांतात मोडत असे. निराधार स्त्रिया व मुली यांना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावच्या मुक्तिसदनात शिक्षणाबरोबर विणकाम, छपाई असे उद्योगही शिकविले. दया केवळ अन्न देऊन थांबली नाही. तिने स्वावलंबन दिले.

मी ख्रिस्ती नव्हे. जामसांवलीत पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायाला हात जोडून माझा दिवस सुरू होतो. तरीही या चरित्रांनी मला एकदा लाजविले आहे. एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून नवा असताना मध्यान्ह भोजनाच्या वेळी काही मुले वेगळी बसतात, हे मी पाहिले आणि ‘हळूहळू सुधारेल’ असे म्हणून दृष्टी वळविली. त्याच सप्ताहात वर्गात मी लक्ष्मीबाईंवर तासभर बोललो होतो! पुढील वर्षी मी ताट घेऊन त्या मुलांत बसलो. आकाश कोसळले नाही. दोघे पालक काही दिवस बोलले नाहीत, इतकेच. परंतु एक वर्ष त्या मुलांनी वेगळे बसून काढले, ते मला परत देता येणार नाही.

मत बदलावयास ग्रंथ पुरतो. आचार बदलावयास रोजचा एक घोट लागतो.