विभवांतर व विद्युतधारा यांवरून रोध आणि शक्ती यांचे गणन : अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना :
व्होल्टमीटर आणि ॲमीटर या दोन उपकरणांची वाचने हाती आली, की रोध आणि शक्ती या राशी केवळ एका भागाकाराने व एका गुणाकाराने मिळतात. माध्यमिक शाळेपासून परिचित असलेले हे गणित इतके सोपे आहे, की मिळालेली संख्या नेमकी कशाची, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. त्यामुळे आकडेमोडीच्या दृष्टीने बिनचूक असलेले उत्तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे ठरू शकते. हे कोणत्या परिस्थितीत घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्याख्या आणि नियम :
विभवांतराला धारेने भागले असता रोध मिळतो. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. विभवांतर व धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तिचे एकक वॅट. या दोहोंवरून शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात : धारेचा वर्ग गुणिले रोध आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. विभवांतर भागिले धारा ही रोधाची व्याख्या आहे; तो ओहमचा नियम नव्हे. वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना हा भागाकार स्थिर राहतो, असे नियम सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२६ मध्ये आपल्या प्रयोगांसाठी अस्थिर रासायनिक घटाऐवजी तांबे व बिस्मथ यांचे तापविद्युत युग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने विद्युत स्रोत स्थिर राहिला. १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला हा नियम अशा प्रकारे परिस्थिती काटेकोरपणे स्थिर ठेवल्यामुळेच हाती आला. ती अट वगळली, की नियमही लागू राहत नाही.

तापमानाचा परिणाम :
२३० व्होल्ट, १०० वॅट असे लिहिलेला टंगस्टन तारेचा दिवा घेऊ. पेटलेल्या अवस्थेत त्यातून सुमारे ०.४३५ अँपिअर धारा वाहते व त्याचा रोध ५२९ ओहम येतो. हाच दिवा थंड असताना मल्टिमीटरने मोजल्यास रोध ४० ओहमच्या आसपास आढळतो. या रोधावरून शक्ती काढल्यास ती १,३०० वॅटहून अधिक येईल. दोन्ही मापने बरोबर आहेत. मात्र ती दोन भिन्न अवस्थांची आहेत. दिवा लावण्याच्या क्षणी थंड तारेतून नेहमीच्या अनेक पट धारा वाहते. दिवे बहुधा बटण दाबतानाच का जातात, याचे एक कारण येथे सापडते.

पुरवठ्याचे विभवांतर १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास रोध ५२९ ओहमच धरून शक्ती सुमारे ६१ वॅट येते. प्रत्यक्षात तार कमी तापल्याने तिचा रोध घटतो आणि शक्ती याहून काहीशी अधिक राहते. प्रकाश मात्र निम्म्याहूनही कमी होतो. म्हणजे शक्तीवरून उपयुक्ततेचा थेट अंदाज बांधता येत नाही.

उपकरणांची जोडणी :
मापन करणारी उपकरणे स्वतःही परिपथाचा भाग असतात. ॲमीटरचा रोध ०.५ ओहम आणि व्होल्टमीटरचा १०,००० ओहम आहे, असे मानू. व्होल्टमीटर हा रोधक आणि ॲमीटर या दोहोंवर मिळून जोडला, तर १० ओहमचा रोधक १०.५ ओहम भासतो. म्हणजे ५ टक्के चूक होते. तोच व्होल्टमीटर केवळ रोधकावर जोडल्यास उत्तर सुमारे ९.९९ ओहम येते. परंतु रोधक १०,००० ओहमचा असेल, तर ही दुसरी जोडणी ५,००० ओहम दाखवील आणि पहिली १०,०००.५ ओहम. तात्पर्य, अल्प रोधासाठी दुसरी व मोठ्या रोधासाठी पहिली जोडणी योग्य होय.

प्रत्यावर्ती धारा :
दिव्याची तार जवळजवळ शुद्ध रोध असल्याने वरील सूत्रे तेथे घरगुती पुरवठ्यावरही चालतात. चलित्राच्या बाबतीत तसे नाही. २३० व्होल्टवर २ अँपिअर घेणाऱ्या व ०.८ शक्तिगुणक असलेल्या चलित्रात विभवांतर भागिले धारा ११५ ओहम येते. परंतु हा रोध नसून संरोध, म्हणजेच इम्पिडन्स असतो. गुणाकार ४६० येतो, तोही वॅट नसून व्होल्ट-अँपिअर असतो. प्रत्यक्ष शक्ती त्याच्या ०.८ पट, म्हणजे ३६८ वॅट भरते. दोन्हींतील अंतर ९२ आहे. वायरची जाडी व फ्यूज ठरवताना पूर्ण २ अँपिअर धाराच विचारात घ्यावी लागते. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष शक्तीनुसार युनिट मोजतो. यांपैकी कोणती राशी कोठे वापरावी हे न कळल्यास चूक वहीपुरती राहत नाही. वायर वाजवीपेक्षा बारीक निवडली जाते आणि ती तापते.

निष्कर्ष :
विभवांतर व धारा यांवरून काढलेला रोध हा विशिष्ट तापमानाचा, विशिष्ट जोडणीचा आणि विशिष्ट प्रकारच्या पुरवठ्याचा असतो. म्हणून प्रयोगवहीत उत्तरासोबत वस्तूची अवस्था, उपकरणांची जोडणी आणि पुरवठ्याचा प्रकार या तीन बाबींची नोंद बंधनकारक असावी. गुणदानातही या नोंदीला स्थान दिल्यास विद्यार्थी सूत्र पाठ करण्यापलीकडे जाऊन ते कोठे लागू पडते, याचा विचार करू लागेल.