यकृतातील पेशींचे विलगीकरण

भारतीय बालकांमधील यकृतकाठिण्य हा महाराष्ट्रास एके काळी चांगलाच परिचित असलेला व बहुधा प्राणघातक ठरणारा रोग होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याचा संबंध पितळी भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधाशी जोडला. भांड्यातील तांबे दुधातील केसीनशी बांधले जाते व अर्भकाच्या यकृतात साचत राहते. पुढे हा रोग विरळ झाला; परंतु त्याने उभा केलेला एक प्रश्न आजही अभ्यसनीय आहे. रोगग्रस्त ऊतीत तांबे यकृतपेशींत साठलेले आढळते आणि त्याच पेशींभोवती तंतूंचे जाळे विणलेले दिसते. हे तंतू मात्र मुख्यतः निराळ्याच पेशी निर्माण करतात. मग एकीची इजा दुसरीस कळते कशी? संपूर्ण यकृत वाटून केलेल्या रासायनिक परीक्षणाने याचा उलगडा होत नाही. कारण त्यात सर्व पेशींचे द्रव्य एकमेकांत मिसळून जाते.

यकृताच्या आकारमानाचा सुमारे चार-पंचमांश भाग यकृतपेशींनी व्यापलेला असतो. केवळ यांत्रिक रीतीने ऊती फोडल्यास या पेशी फाटतात. १९६९ मध्ये बेरी व फ्रेंड यांनी उंदराच्या यकृतातील रक्तमार्गांतूनच कोलॅजिनेज हे विकर खेळविले आणि अखंड पेशी विपुल प्रमाणात मिळविल्या. प्रचलित रीतीत प्रथम कॅल्शियमविरहित द्रव प्रवेशिका नीलेतून सोडतात. त्यामुळे पेशींमधील सांधे सैल होतात. नंतर विकर सोडताना कॅल्शियम पुन्हा द्यावे लागते, कारण त्यावाचून ते कार्य करीत नाही. मोकळ्या झालेल्या यकृतपेशी आकाराने मोठ्या असल्याने गुरुत्वाच्या अवघ्या ५० पट बलानेही केंद्रोत्सारी यंत्रात तळाशी बसतात. विकराचा प्रत्येक साठा सारख्या गुणाचा नसतो, हे येथील अभ्यासकास अनुभवानेच शिकावे लागते. बालकाच्या यकृतातून सुईने काढलेला कण तर या रीतीस अगदीच अपुरा पडतो.

उरलेल्या लहान पेशींची निवड त्यांच्या विशिष्ट गुणांवरून करतात. भक्षक असलेल्या कुप्फर पेशी काचेस किंवा प्लॅस्टिकला त्वरेने चिकटतात. रक्तमार्गांच्या अंतःस्तर पेशी पृष्ठभागावरील प्रथिनांस जुळणाऱ्या प्रतिपिंडांनी व चुंबकीय कणांनी वेचता येतात. तारकाकृती पेशींत जीवनसत्त्व अ चे स्निग्ध थेंब असल्याने त्या हलक्या असतात. घनतेची उतरण असलेल्या द्रावणात त्या वर तरंगतात. त्यांच्या मिश्रणात यकृतपेशी राहू नयेत म्हणून प्रोनेज वापरतात. त्याने यकृतपेशी नष्ट होतात. उंदराच्या यकृतातील कोलॅजन मुख्यतः तारकाकृती पेशीच निर्माण करतात, असे फ्रीडमन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखविले, ते अशा विलगीकरणाच्या बळावरच.

खरी अडचण याच्या पुढे आहे. यकृतास इजा झाली की तारकाकृती पेशी सक्रिय होऊन तंतू निर्माण करू लागतात आणि त्याच वेळी आपले स्निग्ध थेंब गमावतात. अर्थात त्या पूर्वीप्रमाणे तरंगत नाहीत. रोगग्रस्त यकृतातून या रीतीने वर येणाऱ्या पेशी बव्हंशी अद्याप न बिघडलेल्या असतात. ज्यांचा शोध घ्यावयाचा त्याच मागे राहतात. शिवाय प्लॅस्टिकच्या कठीण पृष्ठभागावर निरोगी तारकाकृती पेशीही काही दिवसांत सक्रिय होतात, तर यकृतपेशी आपली विशेष कार्ये हळूहळू सोडून देतात. म्हणून विलग पेशींवरील निष्कर्ष त्या कोणत्या घटिकेस तपासल्या यावर अवलंबून असतो. अलीकडे गोठविलेल्या ऊतीतून केवळ पेशीकेंद्रके वेगळी काढून एकेका केंद्रकातील आरएनए वाचतात. त्यात विकराचा आघात टळतो, मात्र जिवंत पेशी हाती राहत नाही.