गणितात बी.एस्सी. : फी माफ, पण हिशेब बाकी

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात जऊळक्याच्या विहारात मुलांची बैठक घेतली. सगळे पांगल्यावर एक मुलगी मागे थांबली. "जयभीम ताई, मले गणित आवडते. पण मामा म्हणते, डी.फार्म कर. गणितात बी.एस्सी. करून काय भेटते?"

प्रश्न साधा होता, पण मी लगेच उत्तर दिले नाही. आपण कार्यकर्ते अशा वेळी "शिका" एवढेच म्हणतो आणि पुढच्या घरी जातो. त्या घरातले पाच वर्षांचे गणित मात्र कुणी मांडून दाखवत नाही.

आधी खर्च. आपल्याकडे घरचे लोक फीला घाबरतात, पण साध्या बी.एस्सी.ची फी हा सर्वांत लहान आकडा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपचा अर्ज करता येतो. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीही असते. पैसे आले की घरात बियाणे-खताची गरज उभीच असते. ते खर्च झाले की परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कॉलेज बाकी मागते. मी अशी दोन मुले पाहिली. एकाने तिथेच शिक्षण सोडले.

राहण्या-जेवणाचा खर्च मोठा असतो. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वाशिमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43 हजार, अमरावतीसारख्या विभागीय शहरात 51 हजार आणि मुंबई-पुण्यात 60 हजार रुपये. गुणांची आणि हजेरीची अट आहे, आणि पैसे वेळेवर येतीलच असे धरून चालू नका.

खरा खर्च मात्र कुठल्याच पावतीवर नसतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. वर्षात 200 दिवस काम मिळाले असे धरले तर 62,400 रुपये होतात. पाच वर्षांचे 3 लाख 12 हजार. सोयाबीन सोंगायला जाणारी आई मुलीला घरी न बसवता, कामालाही न नेता कॉलेजात पाठवते, तेव्हा ती एवढी रक्कम गुंतवत असते. फी माफ आहे म्हणून शिक्षण फुकट आहे, असे तिला सांगणे मला खोटेपणाचे वाटते.

आता मिळकत. नुसत्या बी.एस्सी. गणितावर ठरलेली अशी नोकरी नाही. बँक, रेल्वे, एमपीएससी यांना कोणतीही पदवी चालते. गणिताने अंकगणिताच्या पेपरला मदत होते, एवढेच. आपल्या भागात गणित म्हणजे मास्तरकी हे समीकरण पक्के आहे. पण बी.एस्सी. नंतर दोन वर्षे बी.एड., आठवीपर्यंत शिकवायचे तर टीईटी, वरून शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट. एम.एस्सी. करून सेट-नेट काढलेले किती तरी जण सिनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि वर्षातले काही महिने बिनपगारी काढतात. मास्तर व्हायचेच असेल तर जरूर व्हा, पण ही एकच वाट डोक्यात ठेवून गणित घेऊ नका.

ज्या वाटांचा आपल्याकडे कुणी उल्लेख करत नाही, त्या मला जास्त मोलाच्या वाटतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देता येते. तिच्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो, आणि तिथे आपल्या राखीव जागा आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेत गणित-संख्याशास्त्राच्या पदव्यांना शिकवणी शुल्क घेतले जात नाही, उलट विद्यावेतन मिळते. पुढे सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिन्याला 37 हजार रुपये. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा आहे, पण तिला पदवीत संख्याशास्त्र हा विषय लागतो. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा, की या कॉलेजात गणितासोबत संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र आहे का? नसेल तर दुसरे कॉलेज बघा. प्रवेशाच्या खिडकीवर दहा मिनिटांत झालेली निवड नंतर बदलणे फार कठीण जाते.

डॉ. नरेंद्र जाधव यांचे उदाहरण आपण भाषणात देतो ते रिझर्व्ह बँकेचे, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून. त्यांची 1973 ची पहिली पदवी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राची होती, हे क्वचितच सांगतो. आकड्यांना दुसऱ्या विषयाची जोड मिळाली की दारे कशी उघडतात, ते तिथे दिसते.

अडचण इंग्रजीची आहे. जॅमचा पेपर इंग्रजीत असतो, आणि रिअल अनालिसिससारखा विषय गाइडमधून पाठ करून सुटत नाही. तयारी दुसऱ्या वर्षापासून लागते. त्या वेळी मुलांना पैशापेक्षा जास्त गरज असते आधी हे करून गेलेल्या कुणाचा तरी फोन नंबर असण्याची. आपल्या जयंती मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत असे किती जण आहेत, याची यादी मी सध्या करते आहे.

त्या मुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी गेले. हा सगळा हिशेब वहीत मांडून दाखवला. तिची आई बराच वेळ 3 लाख 12 हजारावर बोट ठेवून होती. मग म्हणाली, "हे तं आमचंच हाय. ते दुसरं कॉलेज कुठं हाय, ते सांग."